शालिकराम मिस्त्रींचे चार दोरे

सानिका आणि अर्णव, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही शेडमधली जुनी अँबेसिडर पाहिलीत आणि अर्णवने विचारलं, "आजी, हिचं इंजिन बाहेर का आहे?" मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, लिहून पाठवते. ती लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की हे पत्र फक्त कॅलगरीला पाठवून भागणार नाही. म्हणून आपल्या बालाघाटच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकालाही देते आहे. गावाने ते का वाचायला हवं, ते पुढे येईलच.

तुमचे आजोबा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत यंत्रांचे इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर आम्ही बालाघाटला घर बांधलं आणि मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली. तिथे जुन्या गाड्या येऊ लागल्या. कोणाची वडिलांच्या वेळची जीप, कोणाची लग्नात मिळालेली अँबेसिडर. त्या उघडायच्या, धुवायच्या, गंज काढायचा, इंजिन खोलायचं आणि पुन्हा पहिल्यासारखं बसवायचं. बारा वर्षं हा उद्योग चालला. आजोबा ठरवायचे, शालिकराम मिस्त्री हाताने करायचे आणि मी सांभाळायचे.

सांभाळायचे म्हणजे काय, ते सांगते. मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. त्या शिक्षणाचा खरा उपयोग कुठे झाला असेल, तर या शेडमध्ये. गाड्यांची मॅन्युअलं इंग्रजीत. मी एक-एक ओळ वाचून मराठीत सांगायचे आणि मिस्त्री काम करायचे. दुसरं काम सुट्या भागांचं. एक इंजिन खोललं, की लहानमोठे तुकडे टेबलभर पसरतात. मी ते रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, बिस्किटांच्या आणि तुपाच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचे. प्रत्येक डब्यावर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर इंग्रजीत नाव आणि क्रमांक. शस्त्रक्रियेच्या वेळी नर्स डॉक्टरच्या हातात सामान देते, तशी मी स्टुलावर बसून एकेक वस्तू मिस्त्रींच्या हातात द्यायचे. बारा वर्षांत माझ्याकडून एक वॉशरसुद्धा हरवला नाही. हे मी अभिमानाने सांगत असे. अजून सांगितलं असतं, पण आता जरा थांबते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बिरसा गावचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या जीपचं इंजिन दोन महिने बाहेर होतं. ते दर आठवड्याला बसने यायचे, आपल्या बिनइंजिनाच्या जीपमध्ये स्टिअरिंगपाशी बसायचे, डबा खायचे, पानाचा विडा लावायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. मिस्त्री त्यांना विचारायचे, "गुरुजी, कुठपर्यंत जाऊन आले आज?" गुरुजी गंभीरपणे सांगायचे, "आज पार बैहरच्या पुढे गेलतो. रस्ता खराब आहे." त्या गाडीत इंजिन बसवलं त्या दिवशी ते चक्क थोडे नाराज दिसले.

शालिकराम मिस्त्री मूळचे गोंदियाकडचे. धानाची थोडी शेती, चार भाऊ. ते चौथीपर्यंत शिकलेले. ट्रकांच्या गॅरेजमध्ये तीस वर्षं हात काळे करून ते आमच्याकडे आले. आजोबा म्हणायचे, मी यंत्र समजतो, पण मिस्त्रींना यंत्र ऐकू येतं. पान्याने बोल्ट कसताना ते डोळे मिटायचे. मला ते नाटक वाटायचं. एकदा मी विचारलंच, "मिस्त्री, डोळे काहून मिटता?"

"डोये उघडे असले तं हात आयकत नाई, बाई."

आता इंजिनाबद्दल एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अँबेसिडरच्या इंजिनात चार नळ्या एका रांगेत असतात. प्रत्येक नळीत एक पिस्टन वरखाली होतो. पिस्टनला एक लोखंडी दांडी असते, तिचं खालचं टोक इंजिनाच्या मुख्य दांड्याला मिठी मारतं. ही मिठी दोन अर्ध्यांची असते. वरचा अर्धा भाग दांडीचाच, खालचा सुटा. त्या सुट्या भागाला मिस्त्री 'टोपी' म्हणत. कारखान्यात दांडी आणि टोपी एकत्र धरून मधलं भोक पाडतात. म्हणून ज्या दांडीची जी टोपी, तिलाच ती बसते. दुसऱ्या दांडीला लावली तरी बोल्ट लागतात, दिसतंही ठीक, पण भोक अगदी गोल राहत नाही. केसाएवढा फरक पडतो. तेवढ्याने तेल जायला जागा उरत नाही आणि इंजिन तापून जाम होतं.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मलाजखंडच्या एका ठेकेदाराची अँबेसिडर आमच्याकडे आली. ठेकेदाराकडे बरेच ट्रक आणि डंपर होते, स्वतःचं मोठं वर्कशॉप होतं. ही गाडी त्याच्या वडिलांची. गाडी सोपवताना तो मिस्त्रींना म्हणाला, "देखो मिस्त्री, ये गाड़ी घाट चढ़के बिना रुके मलाजखंड पहुँच गई, तो मेरे वर्कशॉप के हेड मिस्त्री तुम. क्वार्टर भी दूँगा."

तो गेल्यावर मिस्त्री बाजेवर बसले आणि म्हणाले, "साहेब, क्वार्टर म्हंजे पक्कं छत असते न?"

"पक्कं छत, नळ, वीज," आजोबा म्हणाले.

"हौ," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी उठून गाडीचं बॉनेट उघडलं.

ते इंजिन फार हात फिरलेलं होतं. दांड्यांवरचे कारखान्याचे आकडे आधी कोणीतरी कानशीने घासून टाकले होते. टोप्यांवर मात्र एक ते चार असे आकडे पुसट दिसत होते. मिस्त्री असल्या आकड्यांवर विश्वास ठेवत नसत. "हे कोणाचे कोणाले लावलेले असतील, काय माहीत," म्हणत. त्यांनी इंजिन खोलतानाच प्रत्येक दांडीला आणि तिच्या टोपीला लाल दोरा बांधला. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा चारपर्यंत. मग दांड्या नव्या पिस्टनसाठी गोंदियाला गेल्या, टोप्या आमच्याकडे राहिल्या. लेथवाल्याला त्यांनी बजावून सांगितलं होतं, की दोऱ्याला हात लावायचा नाही. दांड्या परत आल्या तेव्हा दोरे जसेच्या तसे होते.

त्याच आठवड्यात मिस्त्री धान कापायला गावी गेले. शेड रिकामी होती आणि मी साफसफाईला बसले. तेलाने काळे पडलेले ते दोरे मला बघवेनात. दांड्यांवर आकडे नव्हते, म्हणून तिथे मी मिस्त्रींच्या गाठी मोजल्या आणि तसे क्रमांक माझ्या चिठ्ठ्यांवर उतरवले. मग टोप्या घेतल्या. तिथे आकडे छापलेले होते आणि ते गाठींशी जुळत नव्हते. एक आकडा असलेल्या टोपीला चार गाठी. मी मॅन्युअल उघडलं. टोपीवर आकडा असतो आणि तोच खरा धरावा, असं स्पष्ट लिहिलेलं. मला वाटलं, मिस्त्री चुकले. चौथी शिकलेला माणूस, घाईत चुकला असेल. मी गाठी बाजूला सारल्या आणि छापील आकड्यांप्रमाणे टोप्या चार डब्यांत ठेवल्या.

दांड्यांचे दोरे मी फेकून दिले. टोप्यांचे मात्र ठेवले. प्रत्येक दोऱ्याला टाचणीने एक कागद लावला, त्यावर तो कोणत्या आकड्याच्या टोपीवरून काढला ते लिहिलं आणि चारही एका पाकिटात घातले. का ठेवले, ते आज खरं सांगते. मिस्त्री परतले की त्यांची चूक त्यांना दाखवावी म्हणून. नंतर वाटलं, त्यांना वाईट वाटेल, कशाला दाखवा. त्या वेळी हा मला माझा मोठेपणा वाटला होता.

मिस्त्री परतले. डबे पाहून म्हणाले, "बाई, माह्या गाठी कुठी गेल्या?"

"साफ केलं सगळं. आता नंबरवार आहे. एक मागाल तर एकच मिळेल."

"बरं," ते म्हणाले. "तुमाले मी कधी चुकलेलं पाह्यलं नाई."

इंजिन उलटं करून आम्ही बसलो. मी वाचत होते, मिस्त्री मागत होते. "एकची टोपी द्या." मी दिली. "दोनची." दिली. प्रत्येक टोपी कसल्यावर ते मुख्य दांडा हाताने फिरवून पाहत. चौथी कसली, फिरवलं आणि थांबले. डोळे मिटलेलेच होते.

"साहेब, जड लागून राह्यलं."

आजोबांनी फिरवून पाहिलं. "नवीन बेअरिंग आहे मिस्त्री. अगं, पुस्तकात काय म्हणतात?"

मी वाचलं, की नवे भाग सुरुवातीला थोडे घट्ट वाटू शकतात.

"पुस्तकात लिवलं आहे का तसं?"

"हो, हे बघा."

"मंग ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. पण नंतर जेवायला बसले तेव्हा उजव्या हाताचा पंजा उघडत-मिटत होते, हे मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी शेडच्या सागवानी तुळईला चेनकप्पी बांधून इंजिन गाडीत उतरवलं. हा या कामातला सगळ्यात सुंदर भाग आहे आणि तुम्ही तो कधीतरी बघायला हवा. एवढं जड इंजिन साखळीवर लटकलेलं असतं आणि मिस्त्री एका बोटाने ते डोलवून मागच्या गिअरबॉक्सच्या दांड्यात अचूक सरकवतात. बसलं की एक आवाज येतो, दार नीट लागल्यासारखा. गाडी सुरू झाली. आठ दिवस गावात फिरवली, काही त्रास नाही. मग ठेकेदार आला आणि स्वतः चालवत घेऊन गेला. मिस्त्री शेजारी बसले होते. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

बैहरच्या घाटात, चढाच्या मध्यावर, इंजिन जाम झालं.

ठेकेदाराने तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या जीप थांबलेल्या असताना, मिस्त्रींना जे सुनावलं ते नंतर गावभर झालं. "हाथ गया इसका," हे त्यातलं सगळ्यात साधं वाक्य. गाडी ओढून मलाजखंडला नेली, दुसऱ्याकडून तिच्यात दुसरं इंजिन घालून घेतलं. आमच्या हातून ते इंजिन पुन्हा उघडलं गेलंच नाही. हेड मिस्त्री म्हणून दुसरा माणूस लागला. मिस्त्री आमच्याकडे एकदाच आले, आपले पाने घ्यायला. आजोबांनी खूप अडवलं.

"नाई साहेब. जड लागलं होतं आन् मी चूप बसलो. माह्या हातानं सांगितलं ते मीच आयकलं नाई. आता या हातावर मले भरोसा नाई."

त्यानंतर त्यांनी बैहर रोडवर पंक्चरचं दुकान टाकलं. इंजिनाला हात लावला नाही.

महिन्याभराने मी कपाट आवरायला काढलं. ते पाकीट हाती आलं. सहज म्हणून दोरे टेबलावर ओळीने मांडले. एक आकड्याच्या टोपीवर चार गाठी. दोनवर तीन. तीनवर दोन. चारवर एक. चूक इतकी शिस्तीत नसते.

मी उठून शेडमध्ये गेले. मॅन्युअल सांगतं, पहिली नळी पंख्याकडची, म्हणजे गाडीच्या नाकाकडची. मी दुसऱ्या एका गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसले आणि समोर पाहिलं. इथून मोजलं तर पहिली नळी आपल्या जवळची, म्हणजे पुस्तकातली चौथी. मिस्त्री आयुष्यभर ट्रकांवर असेच मोजत आले होते, ड्रायव्हरकडून. त्यांच्या गाठीही बरोबर होत्या आणि छापील आकडेही बरोबर होते. दांड्यांना त्यांचा हिशोब आणि टोप्यांना पुस्तकाचा, हे फक्त मी केलं होतं. चारही टोप्या चुकीच्या दांड्यांवर मी, माझ्या हाताने, चिठ्ठी वाचून दिल्या होत्या.

ही गोष्ट मी आजोबांना सांगितली नाही. मिस्त्रींनाही नाही. उद्या सांगू, असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले. गाव मला 'इंग्रजी बाई' म्हणायचं. माझ्या डब्यांची शिस्त पाहायला लोक मुलांना घेऊन यायचे. मिस्त्रींचा हात गेला, हे सगळ्यांनी इतक्या सहज मानलं होतं, की माझी चिठ्ठी चुकली असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. मी ते येऊ दिलं नाही. मिस्त्रींशिवाय काम रेंगाळलं, दोन वर्षांत बंदच झालं. शेवटी उरली ती ही आमची स्वतःची अँबेसिडर. आजोबांनी तिचं इंजिन दुरुस्त करून टेबलावर ठेवलं होतं, पण गाडीत बसवायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले, आणि मग गेल्या महिन्यात तुमचा फोन आला.

मी बैहर रोडला गेले. मिस्त्री ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. केस पूर्ण पांढरे.

"बाई? या. काहून आल्या? गाडी पंक्चर झाली काय?"

मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ट्यूब पाण्यातून काढली नाही.

"म्हंजे माही चूक नोती."

"नव्हती."

"आन् तुमाले कवापासून माहीत आहे?"

"महिन्याभरातच कळलं होतं."

त्यांनी हात पुसले. "पंधरा वर्सं, बाई. माही बायको पत्र्याखालीच मेली. तिले वाटे, माह्या हाताले काही रोग झाला. गंडा बांधला होता तिनं इथं." त्यांनी मनगट दाखवलं. तिथे आता काहीच नव्हतं. "आता मले सांगून काय करून राह्यले तुमी? मले तं माहीतच होतं का जड लागलं होतं. ज्याईनं घाटात माह्यं नाव घेतलं, त्याईले सांगा."

"सांगते."

"सांगा मंग."

मी निघाले. ते पुन्हा ट्यूबकडे वळले होते.

म्हणून हा मजकूर अंकात आहे. हा अंक बालाघाटात वाचला जातो, गोंदियात जातो, मलाजखंडच्या कॉलनीतही जातो. शालिकराम मिस्त्रींचा हात कधीच गेला नव्हता. ती चूक माझी होती.

मी बैहर रोडला जाऊन आल्यावर दहाएक दिवसांनी मिस्त्री आपण होऊन आले, पान्यांची पिशवी खांद्यावर घेऊन. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. "साहेबाचं इंजिन पाहाले आलो," म्हणाले. टेबलावरचे डबे पाहून म्हणाले, "चिठ्ठ्या काढा आधी." मी सगळ्या काढल्या. मग म्हणाले, "पुस्तक आना. वाचा. पन मी म्हनलो जड आहे, तं जड आहे."

चार दिवस काम चाललं. त्यांनी आजोबांचं इंजिन खालून उघडून एकेक टोपी तपासली, दांडा फिरवला, डोळे मिटून. "साहेबानं बराबर बसवलं," एवढंच म्हणाले. पाचव्या दिवशी चेनकप्पीवर इंजिन चढवलं, त्यांनी एका बोटाने डोलवलं आणि तो दार लागल्याचा आवाज आला. मी स्टुलावर बसले होते. नंतर त्यांनी पुढून हँडल घालून इंजिन फिरवलं. पेट्रोल अजून घातलेलं नव्हतं, नुसतं फिरवलं. दोनदा, तीनदा.

"हलकं आहे," म्हणाले.

ते निघताना मी पाकीट आणून दिलं. त्यांनी दोरे तळहातावर घेतले, गाठी बोटांनी चाचपल्या, टाचणीचे कागद पाहिले. मग पाकीट उलटं केलं. त्यावर माझ्या अक्षरात एक इंग्रजी शब्द होता.

"हे काय लिवलं आहे?"

वर्षानुवर्षं मी त्यांना इंग्रजी वाचून दाखवलं होतं. हेही वाचावंच लागलं.

"किरकोळ," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोरे एकेक करून परत पाकिटात घातले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "राहू द्या तुमच्यापाशीच. मले घरी ठेवाले जागा नाई." पिशवी उचलली. चहा घेतला नाही. फाटकापाशी गेल्यावर म्हणाले, "पेट्रोल टाकाल तवा बलवा," आणि गेले.

पेट्रोल मी अजून घातलेलं नाही. तुम्ही दोघं याल तेव्हा घालू, त्यांनाही बोलावू. पण माझ्या वयाचा भरवसा धरू नका. हे घर आवरायची वेळ तुमच्यावर आली, तर माझ्या कपाटात, दुसऱ्या खणात, ते पाकीट मिळेल. त्यावरचा शब्द मी खोडलेला नाही, कारण खोडून वर काही लिहिलं तरी ती पुन्हा माझीच चिठ्ठी होईल. पाकीट फेकू नका. वर काय लिहिलंय ते वाचू नका. दोरे काढा आणि गाठी मोजा. ड्रायव्हरकडून.